घरचें स्वयंपाकघर आणि नवशिके हात

शहरांतल्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांत केव्हांतरी असा प्रसंग येतो, कीं स्वयंपाकघराकडे पाहून घरांतील सर्वांनाच एकदम कंटाळा येतो. ओट्याचा दगड डागाळलेला असतो, मोरीजवळच्या फरशा हलूं लागलेल्या असतात, फडताळाचीं दारें नीट लागत नाहींत, आणि मिक्सर व फ्रीज एकाच ठिकाणीं जोडण्याच्या खटपटींत तारांचें जाळें झालेलें असतें. कंत्राटदाराला बोलवावें, तर त्याचा आंकडा ऐकून छाती दडपते. अशा वेळीं घरांतील एखाद्या उत्साही माणसाच्या मनांत येतें, कीं हें काम आपणच कां करूं नये? फोनच्या पडद्यावर दहा मिनिटांच्या चित्रफितींत जुनें स्वयंपाकघर नवें होतांना दिसतें. बाजारांत ड्रिल कोणालाही विकत मिळतें. तेवढ्या भांडवलावर हातोडा उचलला जातो.

हा उत्साह मुळींच वाईट नव्हे. आपल्या घराला आपला हात लागावा, ही इच्छा निरोगी मनाचें लक्षण आहे. परंतु स्वयंपाकघर ही इतर खोल्यांसारखी खोली नव्हे. निजण्याच्या खोलीचा रंग फसला, तर तो पुन्हां देतां येतो. स्वयंपाकघरांत पाणी, विस्तव, वीज आणि अन्न हीं चारही एकमेकांपासून हातभर अंतरावर नांदत असतात. येथली चूक भिंतींत दडून बसते, आणि पुढें कधीं खालच्या बिऱ्हाडाच्या छतांतून, कधीं तापलेल्या तारेंतून, तर कधीं गॅसच्या वासानें ती बाहेर पडते. तेव्हां नवशिक्यानें हें काम करावें कीं करूं नये, हा खरा प्रश्न नाहीं. त्यांतील कोणतें काम करावें, कोणतें करूं नये, आणि जें करावयाचें तें कोणत्या क्रमानें करावें, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे उभ्यानें स्वयंपाक करण्याची रीत फार जुनी नाहीं. वाड्यांतून स्वयंपाक बसून होत असे. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, विळीवर भाजी चिरणेंही बसूनच. ज्या वस्तू वरचेवर लागत, त्या बसलेल्या माणसाच्या हाताशीं येतील अशा बेतानें मांडलेल्या असत. पुढें चाळी आल्या, सदनिका आल्या. रॉकेलचा स्टोव्ह आला, त्यामागून गॅस आला, आणि रांधणारी व्यक्ति उभी राहिली. ती उभी राहिली खरी. पण तिच्या उंचीचें माप फारसें कोणी घेतलें नाहीं. गवंड्याच्या हाताला जी संवय होती, किंवा शेजारच्या घरीं जेवढा होता, तेवढा उंच ओटा बांधला गेला, आणि एकाच मापाच्या ओट्यापुढें सासू वांकून व सून टांचा उंचावून काम करूं लागली.

उभ्यानें चालणाऱ्या स्वयंपाकघराचा एक प्रसिद्ध शास्त्रीय विचार युरोपांत शंभर वर्षांपूर्वीं झाला. मार्गारेट शुट-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंनीं इ. स. १९२६ मध्यें जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं एक स्वयंपाकघर आखलें. तें सुमारें ३.४ मीटर लांब आणि १.९ मीटर रुंद, म्हणजे आपल्याकडील लहान सदनिकेंतल्या स्वयंपाकघराएवढेंच होतें. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतील इवल्याशा जागेंत एवढ्या माणसांचें जेवण कसें तयार होतें, याचा विचार त्यांत होता. कोणत्या कामाला किती पावलें व किती वेळ लागतो, तें घड्याळ लावून मोजलें गेलें. धान्य व डाळी ठेवण्यासाठीं अॅल्युमिनियमचे मुठीचे खण केले. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा केला, कारण त्या लाकडांतील तुरट द्रव्यामुळें पिठांत कीड होत नाहीं, असा हिशेब होता. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें त्या शहरांत बसविण्यांत आलीं.

या हकीकतींतील सर्वांत बोधप्रद भाग निराळाच आहे. हें स्वयंपाकघर आखण्यापूर्वीं या बाईंनीं कधीं संसार चालविला नव्हता, आणि त्यांना स्वयंपाकही येत नव्हता. पुढें उतारवयांत त्यांनीं स्वतःच तें मोकळेपणानें सांगून टाकलें. म्हणजे या विषयांत एका अर्थानें त्याही नवशिक्याच होत्या. त्यांना तारलें तें मोजमापानें. जें आपणांस ठाऊक नाहीं तें ठाऊक आहे असें न मानतां, पाहणें, मोजणें आणि मग आखणें, हा त्यांचा मार्ग होता. त्यांच्या कृतींतही एक उणीव राहिली. तें स्वयंपाकघर एवढें अरुंद होतें, कीं त्यांत एकच व्यक्ति काम करूं शके. मदतीला दुसरें कोणी आलें, तर दोघांचीही अडचण होई. पावलें मोजलीं गेलीं, माणसें मोजावयाचीं राहिलीं. नवशिक्यानें त्यांचा गुणही घ्यावा आणि ही उणीवही ध्यानांत ठेवावी.

म्हणून पहिलें हत्यार हातोडा नव्हे. पहिलें हत्यार वही. कांहींही फोडण्यापूर्वीं पंधरा दिवस जुन्याच स्वयंपाकघराकडे डोळसपणें पाहावें. सकाळच्या गर्दींत कोण कोठें उभें राहतें, चहाचें भांडें काढतांना कोणाला कोणाचा धक्का लागतो, मिसळणाचा डबा शेगडीपासून किती दूर आहे, धुतलेलीं भांडीं निथळत कोठें राहतात, पिंप व पिठाचा डबा काढतांना कोणाची कंबर धरते, हें सर्व टिपून ठेवावें. रांधणाऱ्या व्यक्तीला प्रथम विचारावें. ती आई असो, पत्नी असो, पति असो, कीं घरीं येणाऱ्या स्वयंपाकीणबाई असोत. ज्याची पाठ दुखते त्याचें मत पहिलें. पुष्कळ घरांत असें आढळेल, कीं जी गैरसोय खोलीची वाटत होती ती वस्तुतः मांडणीची होती, आणि एक भिंत पाडण्याऐवजीं दोन फळ्या व चार खुंट्या यांनीं तिचें निवारण होतें.

ओट्याच्या उंचीची परीक्षाही अशीच घरच्या घरीं होते. मनुष्य सरळ उभा राहून त्यानें हात कोपरांत दुमडला, म्हणजे कोपराच्या चार ते सहा इंच खालीं ओट्याची वरची बाजू असावी, असा साधारण नियम आहे. पांच फूट उंचीच्या स्त्रीला या हिशेबानें ३२-३३ इंचांचा ओटा सोयीचा पडतो. परदेशी मापांच्या तयार कपाटांवर तो ३६ इंचांच्या आसपास जातो, आणि मग पोळी लाटतांना खांदे वर चढतात. कागदावरील नियमावरही विसंबूं नये. एका मेजावर पुस्तकांच्या थप्प्या रचून वर पोळपाट ठेवावा, आणि निरनिराळ्या उंचींवर दहा-दहा पोळ्या लाटून पाहाव्या. दहाव्या पोळीला खांदे काय सांगतात, तें माप खरें. भांडीं घासण्याच्या सिंकचा तळ ओट्याच्या बराच खालीं असतो. म्हणून तेथें ओटा दोन-तीन इंच उंच ठेवला, तर घासणाऱ्याला वांकावें लागत नाहीं.

वही भरली, म्हणजे कामांची वांटणी करावी. चार गोष्टी नवशिक्यानें स्वतःच्या हातानें करूं नयेत: इमारतीचा सांगाडा, भिंतींतील वीज, गॅस आणि सांडपाण्याच्या नळांची हलवाहलव.

सांगाड्याविषयीं सर्वांत अधिक गैरसमज असतो. सिमेंट-काँक्रीटच्या खांबांवर उभ्या असलेल्या इमारतींत पुष्कळशा भिंती केवळ आडोशाच्या असतात. पण जुन्या विटांच्या इमारतींत भिंतच वरच्या मजल्याचा भार वाहते. बाहेरून दोन्ही भिंती सारख्याच दिसतात. त्यांवर बोटानें टकटक करून, किंवा "ही काढली तरी चालेल" या गवंड्याच्या शब्दावर विसंबून, घण घालणें म्हणजे स्वतःच्याच नव्हे, तर वरच्या आणि खालच्या बिऱ्हाडांच्या जीवाशीं खेळणें होय. येथें इमारतींच्या बांधणीच्या अभियंत्याचा लेखी सल्लाच हवा. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींप्रमाणें सदनिकेंतील अशा फेरफारास समितीची लेखी परवानगी लागते, आणि भार वाहणाऱ्या भागाला हात लावावयाचा, तर महानगरपालिकेचीही लागते. पुष्कळ लोकांना ही केवळ कागदी कटकट वाटते. परंतु ज्याच्या डोक्यावर आपली मोरी आहे, त्या खालच्या शेजाऱ्याला या कागदाचा अर्थ बरोबर कळतो.

गॅसविषयीं एक साधें तत्त्व ध्यानांत ठेवलें, तर पुष्कळ अनर्थ टळतात. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षां जड असतो. तो गळला, तर वर न जातां जमिनीलगत सांचतो. नवशिका हौसेनें ओट्याखालीं सुबक, घट्ट बसणारीं दारें लावतो आणि सिलिंडर त्यांआड दडवितो. दिसावयास तें नीटनेटकें दिसतें, पण गळलेला गॅस त्या बंद कोनाड्यांत सांचून राहतो आणि ठिणगीची वाट पाहतो. म्हणून तेथील दारांना खालच्या अंगाला जाळी अथवा मोकळी फट हवीच. सिलिंडर नेहमीं उभा असावा, शेगडी त्याच्या पातळीहून वर असावी, आणि रबरी नळी डोळ्यांना दिसेल अशी मोकळी असावी. भिंतींतून अगर कपाटांतून ती लपवून नेऊं नये. सुरक्षा नळी पांच वर्षांनीं बदलावी. मुंबई-पुण्यांतील पुष्कळ घरांत आतां नळानें गॅस येतो. तो वायु हवेपेक्षां हलका असून वर चढतो, म्हणून तेथें छतालगतचा वारा मोकळा हवा. दोन्ही ठिकाणीं जोडणी बदलण्याचें काम अधिकृत माणसाचेंच.

विजेचा हिशेब मात्र नवशिक्यानें स्वतः करावा, आणि तारा ओढण्याचें काम परवानाधारक कारागिराला द्यावें. इंडक्शनच्या शेगडीला २००० वॅट लागतात. आपल्या घरांतील दाब २३० व्होल्टचा असतो. भागाकार केला, म्हणजे सुमारें पावणेनऊ अँपिअर येतात. ही शेगडी सहा अँपिअरच्या लहान प्लगवर कशीतरी जोडून चालविली, तर प्लग व तार तापणारच. फ्रीज, इंडक्शन, मायक्रोव्हेव आणि पाणी तापविण्याचें भांडें यांची यादी करून प्रत्येकाचे वॅट पुढें लिहावे, आणि कोणतीं दोन-तीन यंत्रें एकाच वेळीं चालतात तें नमूद करावें. अशी यादी हातांत पडली, म्हणजे कारागीर अंदाजानें नव्हे, तर हिशेबानें काम करतो. ओल्या हातानें काम चालणाऱ्या या खोलींत अर्थिंग पक्कें असावें, आणि विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें ३० मिलिअँपिअरचें उपकरणही मुख्य फळीवर असावें. एवढा खर्च वांचविण्याजोगा नव्हे.

आतां नवशिक्याला काय उरलें? पुष्कळ उरलें. जुनीं दारें उतरविणें, बिजागऱ्या व मुठी बदलणें, फळ्या व मांडण्या बसविणें, नळाचा वॉशर घालणें, फरशांच्या सांध्यांतील काळवंडलेला माल खरवडून नवा भरणें, रंग देणें, आणि ओट्यामागील भिंतीवर लाद्या बसविणें, एवढीं कामें धीराच्या माणसाला खासच साधतात. यांत आरंभ सर्वांत लहान आणि सर्वांत आडबाजूच्या कामानें करावा. पहिला हात कोनाड्यावर बसावा, दर्शनी भिंतीवर नव्हे.

लाद्यांचेंच उदाहरण घेतां येईल. नवशिका ओट्याच्या कडेवर भरंवसा ठेवून पहिली ओळ लावतो. पण ओटा क्वचितच तंतोतंत सपाट असतो, आणि सुरुवातीचा सूतभर फरक चौथ्या ओळींत बोटभर होतो. गवंड्याचीं जुनीं उपकरणें येथें उपयोगी पडतात: पाणसळीनें आडवी रेघ, ओळंब्यानें उभी रेघ, आणि गुण्यानें काटकोन. लाद्या प्रथम जमिनीवर कोरड्याच मांडून पाहाव्या, म्हणजे कापलेला तुकडा कोणत्या कोपऱ्यांत जाईल तें अगोदर कळतें. चिकटविण्याचा माल दातेरी थापीनें सर्वत्र पसरावा. लादीच्या मध्यभागीं एक गोळा थापून ती दाबली, तर कोपरे पोकळ राहतात आणि तेथेंच पुढें तडा जातो. दुसऱ्या दिवशीं नाण्यानें ठोकून पाहावें. पोकळ लादी आपल्या आवाजानें ओळखूं येते. सांधे त्यानंतर भरावे. ओटा व भिंत जेथें मिळतात, त्या कोपऱ्यांत मात्र सिमेंटचा माल न भरतां सिलिकॉन भरावें, कारण तेथें थोडी हालचाल होत असते आणि ताठर सांधा फुटतो.

सामानाची निवड ही अर्धी कारागिरीच आहे. कडाप्पा स्वस्त आणि टिकाऊ. पण तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे, त्यामुळें लिंबू, चिंच व कोकम यांचें आम्ल त्याला खातें. संगमरवराचीही तीच गत, शिवाय त्यावर हळदीचा डाग बसतो. ग्रॅनाइट या बाबतींत कणखर ठरतो. सिंकच्या आजूबाजूच्या कपाटांसाठीं प्लायवूड घेतांना त्यावरील शिक्का पाहावा. आयएस ७१० ही खूण पाण्यास टिकणाऱ्या मरीन प्लायवूडची असते. केवळ दमटपणाला तोंड देणारें हलकें प्लायवूड सिंकखालीं लौकरच फुगतें.

दोन धोके धुळीच्या रूपानें येतात, म्हणून ते कोणाला दिसत नाहींत. कृत्रिम क्वार्ट्झच्या ओट्यांत स्फटिकमय सिलिकाचें प्रमाण फार मोठें असतें. तो कोरडा कापला, तर त्याची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत बसून सिलिकोसिस नांवाचा असाध्य रोग होतो. ऑस्ट्रेलियानें तर याच कारणास्तव १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडाच्या वापरावरच बंदी घातली. दगड कोणताही असो, तो घराच्या गॅलरींत कोरडा कापूं नये व कापवूं नये; दुकानांतच पाण्याच्या धारेखालीं कापून आणावा. दुसरा धोका जुन्या तेलरंगाचा. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ पासून अंमलांत आला. त्यापूर्वींचे थर भिंतीवर असतील, तर ते कोरडे घासूं नयेत. ओले करून खरवडावे, आणि त्या वेळीं लहान मुलांना दुसऱ्या घरीं पाठवावें.

क्रमाविषयीं एकच सूत्र आहे: जें झांकलें जाणार तें आधीं, आणि तपासल्यावांचून कांहीं झांकूं नये. तोडफोड, मग नळ व तारा, मग गिलावा, मग पाणी न झिरपण्याचा थर, मग जमीन, ओटा, लाद्या, कपाटें आणि शेवटीं रंग. मोरीच्या जागीं तो थर दिल्यावर पाणी तुंबवून तें निदान एक, शक्य तर दोन दिवस ठेवावें, आणि खालच्या शेजाऱ्याची परवानगी घेऊन त्याचें छत स्वतः पाहून यावें. नळ व तारा गिलाव्याखालीं जाण्यापूर्वीं भिंतीला मापाची पट्टी लावून छायाचित्रें घ्यावीं. पांच वर्षांनीं एखादी खुंटी ठोकतांना त्या छायाचित्रांचें मोल कळतें.

मध्यंतरींच्या दिवसांत घरानें जेवावयाचें काय, हा प्रश्न सर्वांत शेवटीं सुचतो; तो सर्वांत आधीं सोडवावा. एका कोपऱ्यांत विजेची एक शेगडी, कुकर, चार डबे आणि बादलीभर पाणी यांचा तात्पुरता संसार मांडल्यावांचून पहिला घाव घालूं नये. अंदाजलेल्या खर्चाचा पांचवा हिस्सा बाजूला राखून ठेवावा, कारण जुनी भिंत उघडल्यावर आंत काय निघेल तें कोणालाच सांगतां येत नाहीं. दिवसांच्या हिशेबांतही तशीच सूट धरावी. थकलेल्या रात्रीं दहा वाजतां "आजच उरकूं" म्हणून मारलेलें भोंक नेमकें पाण्याच्या नळींत जातें.

अशा रीतीनें काम केलें, तर पैसा किती वांचेल? मजुरीचा कांहीं भाग वांचेल, अगदीं फार नव्हे. खरा लाभ दुसरा आहे. पाण्याची मुख्य तोटी कोठें आहे, कोणता बटण कोणती तार तोडतो, कोणत्या भिंतीला खिळा चालतो आणि कोणत्या भिंतीला नाहीं, हें आज शहरांतल्या कितीतरी घरांत एकालाही ठाऊक नसतें. आणि मध्यरात्रीं नळ फुटला, म्हणजे सगळें कुटुंब बादल्या घेऊन कारागिराचा फोन नंबर शोधीत बसतें. ज्यानें आपलें स्वयंपाकघर मोजलें, निम्में स्वतः घडविलें आणि निम्मे हात जोडून जाणत्याच्या स्वाधीन केलें, तो गवंडी होत नाहीं कीं सुतार होत नाहीं. तो आपल्या घराचा माहीतगार होतो. आणि ओट्यापुढें रोज दोन-तीन तास उभें राहणारी व्यक्ति दिवसाअखेर कंबरेवर हात न ठेवतां जेवावयास बसली, तर एवढी सगळी खटपट सार्थकीं लागली असें समजावें.